आरमोरीला पाठवलेला पंप

डिशवॉशरमध्ये लोक भांडी धुतात, असं मी आता छातीठोकपणे सांगत नाही. चंद्रपुरात आमचं घरगुती यंत्रं दुरुस्त करायचं दुकान आहे. यंत्रं उघडतो माझा नवरा हमीद. फोन घेणं, सुटे भाग मागवणं, कोणाकडे कधी जायचं ते ठरवणं आणि गिऱ्हाइकाची समजूत काढणं हे माझ्याकडे. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर, आजवर लोकांच्या डिशवॉशरमधून काय काय निघालं याची यादी आहे. कूलरची जाळी. मातीसकट बटाटे. मुलाचे क्रिकेटचे बूट. एका साहेबांची कवळी, जी ते तीन दिवस गादीखाली शोधत होते. आणि प्रत्येक घरातून मला फोनवर पहिलं वाक्य एकच ऐकायला मिळालं आहे: "भाभी, भांड्यांशिवाय काई नाई टाकलं."

हे यंत्र आमच्या भागात उशिरा आलं. आधी सिमेंट कारखान्यांच्या कॉलनीत, मग डॉक्टर मंडळींकडे, आणि हल्ली पुण्या-हैदराबादला नोकरी करणारी मुलं आईवडिलांच्या घरी परस्पर पाठवून देतात. पाठवणारा पाठवतो. बिघडलं की फोन मला येतो. हमीद एक आणि अंतरं ही अशी. सिरोंच्याला जाऊन यायचं म्हणजे दुकानाचे दोन दिवस गेले. म्हणून मी एक पद्धत सुरू केली. बिघाड फोनवर समजून घ्यायचा, लागणारा भाग एसटीने पाठवायचा, सोबत माझ्या हाताने लिहिलेली मुद्द्यांची यादी द्यायची आणि व्हिडिओ कॉलवर समोर बसून ज्याचं यंत्र त्याच्याच हातून दुरुस्त करून घ्यायचं.

हमीदला हे अजिबात आवडलं नव्हतं. लोक यंत्र जाळतील आणि नाव आपलं सांगतील, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, ज्याला कूलरची मोटर बदलता येते त्याला डिशवॉशरचा पंपही बदलता येईल. तरी मी सीमा आखून घेतली. पाणी तापवणारा भाग आणि विजेचा बोर्ड यांना गिऱ्हाइकाने हात लावायचा नाही. पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह, दाराचं रबर आणि खराब पाणी बाहेर फेकणारा पंप, एवढंच त्याचं.

पंपाबद्दल दोन वाक्यं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. डिशवॉशरच्या तळाशी एक खोलगट भांडं असतं. धुतल्यावरचं घाण पाणी त्यात जमतं, गाळणीतून जातं आणि बाजूला बसवलेला, मुठीएवढा पंप ते नळीतून मोरीत फेकतो. पंपात एक लहानसा प्लास्टिकचा पंखा असतो. त्यात खडा अडकला की पंखा थांबतो आणि सगळं पाणी आतच उभं राहतं. जुना पंप फिरवून काढायचा, नवा फिरवून बसवायचा. हात चालत असेल तर दीड तासाचं काम.

पंपाच्या यादीत माझे एकोणीस मुद्दे होते. पहिला: प्लग काढा. दुसरा: काढला का, ते जाऊन बघा. तिसरा: पाण्याचा नळ बंद करा. हा तिसरा मुद्दा मी लाल पेनने लिहिते, याचं श्रेय कोरपन्याकडच्या कॉलनीतल्या एका इंजिनीयर साहेबांना. "मॅडम, मी अख्खा प्लांट चालवतो," असं म्हणून त्यांनी यादी बाजूला ठेवली आणि नळ चालू असतानाच व्हॉल्व्ह काढला. बैठकीतला गालिचा त्यांनी दुसऱ्या दिवशी गच्चीवर वाळत घातला. तेव्हापासून तिसऱ्या मुद्द्यापुढे मी लिहिते: इंजिनीयर असाल तर दोनदा वाचा.

आता आरमोरी.

मागच्या उन्हाळ्यात, एका मंगळवारी, दुकानाचं शटर वर करते न करते तोच फोन वाजला. पलीकडून एक माणूस इतक्या हळू आवाजात बोलत होता की मला वाटलं दवाखान्यातून बोलतोय. रामदासभाऊ, आरमोरीचे, निवृत्त वनपाल. डिशवॉशरमध्ये पाणी तुंबलं आहे, घरघर आवाज येऊन थांबला आहे, वास येतो आहे. जंगलातल्या चोरीचा पंचनामा सांगावा तसं त्यांनी सगळं सांगितलं. वेळ, ठिकाण, आवाज. फक्त एक गोष्ट त्यात नव्हती. मी ती विचारली. काय टाकलं होतं?

"भांडे."

मी व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. आतलं पाणी काळं-जांभळं दिसत होतं. मी विचारलं, हे कशाचं? ते म्हणाले, वांग्याच्या भाजीचं. मी म्हटलं बरं, मगने पाणी उपसा, गाळणी काढा आणि तिचा फोटो पाठवा. फोटो यायला बराच वेळ लागला. पाठवू की नको, असा विचार चालला असणार. फोटोत गाळणी होती आणि गाळणीच्या आतबाहेर डाळीपेक्षा थोड्या मोठ्या, चपट्या, तपकिरी बिया.

"भाऊ," मी म्हटलं, "तुमी जिंदगीभर जंगल खात्यात होते. ह्या बिया कोण्या झाडाच्या, ते तुमीच सांगा."

मग कबुली आली. "चारोळीच्या."

शहरातल्या वाचकाला चारोळी माहीत असते ती श्रीखंडावरची. आमच्याकडे ती उन्हाळ्यात झाडावरून येते. काळपट लहान फळं, त्यांना चिकट गर, गराच्या आत टणक बी आणि बी फोडली की मग ती चारोळी. गर काढायचं काम बायकांचं. फळं पाण्यात भिजत घालायची, टोपल्यात घेऊन तळहाताने रगडायची, धुवायची, परत रगडायची. मनगट भरून येतं आणि बोटं आठवडाभर काळी राहतात.

रामदासभाऊंनी ती फळं डिशवॉशरमध्ये घातली होती. भाजीच्या जाळीदार टोपलीत भरून, खालच्या कप्प्यात. त्यांचं म्हणणं असं की सगळा दोष पहिल्या खेपेचा. ती इतकी स्वच्छ निघाली की त्यांना हुरूप आला. दुसऱ्या खेपेला टोपली शिगोशीग भरली, ती आत कलंडली आणि बिया पंपात गेल्या. मग आपणच काढू म्हणून त्यांनी वरून पेचकस घातला. बिया निघाल्या, सोबत पंख्याची दोन पातीही निघाली.

मी वही बघून सांगितलं की पंप नवा लागेल, हमीद शनिवारी गडचिरोलीकडे येणार आहे, तेव्हा आरमोरीला येऊन बसवून देईल. ते म्हणाले, शनिवार चालणार नाही. गुरुवारी चार वाजता त्यांची बायको सुमनबाई सिरोंच्याच्या मुलीकडून परत येणार. त्याच्या आत यंत्र चालू पाहिजे.

मला हसू आलं. म्हटलं, रागावतील, दुसरं काय होणार?

"रागावली त चालते, भाभी. पण ती रागावणार नाई. उलट ती खूश होईन. तोच त वांधा आहे."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. दोन वर्षांपूर्वी सुमनबाई अंगणात घसरून पडल्या. उजवं मनगट मोडलं, आत पट्टी आणि स्क्रू बसले. डॉक्टरांनी घासणं-पिळणं कायमचं बंद करायला सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही, हात सुजला, परत ऑपरेशन झालं. भाऊंनी भांडी स्वतःकडे घेतली, पण त्यांनी घासलेलं प्रत्येक ताट बाई उजेडात धरून बघायच्या आणि गुपचूप पुन्हा घासायच्या. शेवटी मुलाने यंत्र पाठवलं. बाईंनी ते घरात ठेवू दिलं ते एका अटीवर: ज्या दिवशी हे बंद पडेल त्या दिवशी ते मागच्या अंगणात जाईल, त्यात गोवऱ्या भरल्या जातील आणि भांडी पूर्वीसारखी त्याच घासतील. सहा महिने झाले, यंत्र एकदाही बंद पडलं नव्हतं. बाई वाट बघत होत्या.

"अन् चारोळ्या?" मी विचारलं.

"तिच्या बहिणीनं टोपलंभर पाठवल्या. आली का रगडाले बसन. मी म्हटलं, ती घरी याच्या आधीच करून टाकू." मग ते म्हणाले, "अजून एक ऑपरेशन तिचा हात सहन नाई करन, भाभी. डॉक्टरनं मले एकट्यालेच सांगितलं."

मी मघाशी हसले होते, त्याचं मला वाईट वाटलं. पंप शेल्फवर होता. बुधवारी संध्याकाळपर्यंत तो डब्यात बंद झाला, सोबत एकोणीस मुद्दे.

डब्यावर काय लिहायचं हा प्रश्न होता. आरमोरीच्या बसस्टँडवर भाऊंना सगळे ओळखतात. "डिशवॉशर पंप" असं लिहिलेला डबा त्यांच्या हाती पडला असता तर बाई घरी पोचण्याआधी बातमी पोचली असती. मी डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: गुडघ्याचा पट्टा. मला ही माझी हुशारी वाटली. गुरुवारी सकाळी अकराला डबा घेताना स्टँडवरच्या तिघांनी भाऊंना विचारलं की गुडघ्याला काय झालं. त्यांना घरापर्यंत लंगडत जावं लागलं.

बाराला कॉल लागला. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवलेला. एवढं शिस्तीचं गिऱ्हाईक मला क्वचित मिळालं आहे. प्रत्येक मुद्दा मोठ्याने वाचायचा, करायचा, "झालं" म्हणायचं आणि पेन्सिलीने खूण करायची. प्लग काढला. काढला का, ते बघून आले. नळ बंद. नळ्या सोडवल्या. यंत्र ओट्याखालून बाहेर, जमिनीवर चादर, त्यावर यंत्र आडवं. सातव्या मुद्द्यावर त्यांनी विचारलं, "डावीकडे म्हंजे माह्या डावीकडे का मशीनच्या?" असा प्रश्न पाच वर्षांत कोणी विचारला नव्हता आणि सगळ्यांनी आपापल्या मनाने डावं धरलं होतं. मी तिथल्या तिथे वहीत दुरुस्ती केली.

तळाची पत्र्याची झाकणी निघाली. पंपाची वायर सुटली. खटका दाबून पंप फिरवायचा होता, तो काही फिरेना. भाऊंचं कपाळ घामाने निथळत होतं, आरमोरीत त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं आणि कूलरचा आवाज नको म्हणून त्यांनी तो बंद केला होता. मी सांगितलं, जोर लावू नका, आधी थोडं उलटं फिरवा, मग सुलटं. पंप निघाला. त्यात अजून सहा बिया होत्या. त्यांनी त्या मोजून वाटीत ठेवल्या. वनपालाची सवय, मुद्देमाल जपून ठेवायचा.

नवा पंप बसला, टक् असा आवाज मला इथे चंद्रपुरात ऐकू आला. झाकणी, नळ्या, यंत्र उभं, यंत्र आत, नळ चालू, प्लग. अडीच वाजले होते. एकोणिसावा मुद्दा: बटण दाबा.

पंप गुणगुणू लागला. आम्ही दोघं हसलो. पंप गुणगुणतच राहिला. पाणी आत येईना, पंप थांबेना, पुढे लाल दिवा लागला. बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मी यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. पावणेतीन. तीन.

भाऊ यंत्रासमोर मांडी घालून बसले होते. आवाज चढवला नाही. "भाभी," ते म्हणाले, "मी तुमच्या यादीतला एक बी मुद्दा सोडला नाई."

ते खरं होतं, म्हणूनच लागलं. कोरपन्याच्या साहेबांनी यादी मोडली म्हणून घर भिजलं होतं. इथे माणसाने यादी अक्षरशः पाळली होती आणि यंत्र बंद होतं. म्हणजे चूक यादीत होती, आणि यादी माझी होती.

हमीद पलीकडच्या स्टुलावर चहा पीत बसला होता. त्याला यातलं काही ऐकू येत नाही, असं त्याने तीन तास दाखवलं होतं. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने कप खाली ठेवला आणि घरात आम्ही बोलतो तसं हिंदीतच म्हणाला, "लिटाया था ना मशीन को? पानी नीचे की परात में गिरा होगा. पोंछा किसने?"

कोणीच नाही. यंत्राच्या अगदी तळाशी एक उथळ परात असते आणि तिच्यात थर्माकोलचा एक तुकडा. कुठून पाणी गळलं की ते परातीत साठतं, तुकडा तरंगतो, यंत्राला वाटतं आपण फुटलो. मग ते नवं पाणी घेत नाही, नुसता पंप चालवत बसतं. आडवं करताना आतलं उरलेलं पाणी परातीत उतरलं होतं. यंत्रात बिघाड काही नव्हता, ते फक्त घाबरलं होतं.

मी हमीदला विचारलं, हे मला आजवर का नाही सांगितलं? यादीतला प्रत्येक मुद्दा मी त्यालाच विचारून लिहिला होता. तो म्हणाला, यात सांगायचं काय, आडवं केलं की आपण फडकं फिरवतोच. त्याच्या हाताला ते काम वाटतच नव्हतं, म्हणून ते त्याच्या तोंडून कधी निघालं नाही आणि माझ्या वहीत कधी आलं नाही. वहीवर माझा फार विश्वास होता. त्या दिवसापासून नवी यादी लिहायची असली की मी आधी हमीदच्या शेजारी स्टूल घेऊन बसते आणि तो काय सांगतो ते ऐकत नाही, त्याचे हात काय करतात ते बघते.

भाऊंना मी घाईने सांगितलं. प्लग काढा, यंत्र ओढा, खालची पट्टी उघडा, फडकं घाला. फडकं शोधायला वेळ नव्हता, त्यांनी खांद्यावरचा दुपट्टाच आत कोंबला. तो चार वेळा पिळला. सव्वातीनला पुन्हा प्लग लावला, बटण दाबलं.

गुणगुण नाही. काहीच नाही. हमीदही स्टूल घेऊन फोनपाशी सरकला.

"पाणी येऊन राह्यलं," भाऊ म्हणाले. मग मलाही ते ऐकू आलं.

आतले काळे डाग जावेत म्हणून मी त्यांना लिंबूसत्व टाकून यंत्र रिकामंच फिरवायला सांगितलं. त्यांनी मान हलवली, जमिनीवरची चादर गोळा केली आणि कॉल बंद केला. आभार वगैरे काही नाही. त्यांना बाईंना आणायला स्टँडवर जायचं होतं, तेही लंगडत. संध्याकाळी एका शब्दाचा निरोप आला: "चालू."

माझ्या हिशेबी प्रकरण मिटलं. वहीत मी विसावा मुद्दा लिहिला, शेवटच्या पानावर चारोळीची नोंद केली.

पाच दिवसांनी एका अनोळखी बाईचा फोन आला. आवाज चांगला खणखणीत.

"तुमी गुडघ्याचे पट्टे विकता का?"

डब्याच्या दुसऱ्या बाजूला आमच्या दुकानाचं नाव आणि नंबर छापलेला असतो, हे मला तेव्हा आठवलं. मी म्हटलं, हो, म्हणजे, कधी कधी ठेवतो.

"आमच्या यायले एक पट्टा धाडला म्हणे तुमी. बसस्टँडपासून घरापर्यंत चौघांनी मले त्यायच्या गुडघ्याचं विचारलं. पट्टा कुठी दिसत नाई. अन् लंगडतेत, ते कधी डाव्या पायानं, कधी उजव्या."

गिऱ्हाइकाचं गुपित फोडायचं नाही, हा माझा नियम आहे. सुमनबाईंना माझ्या उत्तराची गरजही नव्हती. घरात चारोळीचं बी वाळत घातलेलं होतं, स्वच्छ, गराचा कण नाही. भाऊ म्हणत होते, हातानं रगडलं. "त्यायचे हात पाह्यले मी," बाई म्हणाल्या, "दुधासारखे पांढरे. चारोळ्या रगडणाऱ्याचे हात असे राह्यतेत का?"

आता गोवऱ्यांची गोष्ट निघणार, असं मला वाटलं. मी मनात वाक्यं जुळवायला लागले, की यंत्रात दोष नव्हता, भाऊंचा हेतू चांगला होता. बाईंचा आवाज मात्र एकदम खाली आला, नवऱ्याचा पहिल्या दिवशी होता तेवढा.

"बहीण अजून दोन टोपले पाठवून राह्यली. मले नाई रगडता येत आता, भाभी. भांडे बी नाई घासता येत. उगा जीव लावून घासत होती. त्यायले सांगजा नोका. मशीनमंदी ते कसं करतेत, तेवढं मले सांगा."

धंद्याच्या नियमाने मला नाही म्हणायला हवं होतं. डिशवॉशर फळं रगडायला नसतो, हे मी इतकी वर्षं लोकांना सांगते आहे. मी ते बाईंनाही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं. मी हमीदकडे बघितलं. तो शेल्फवरून पंपाचा आणखी एक डबा उतरवून त्यावर पेनने "आरमोरी" लिहीत होता.

मग मी सांगायला लागले. उशीची खोळ घ्यायची, एकात एक अशा दोन. अर्धीच भरायची, तोंड सुतळीने घट्ट बांधायचं. पाणी थंड, पावडर अजिबात नाही. बाईंनी मला थांबवलं. त्या कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या की नंबर टाकून, पहिल्यापासून, सावकाश सांगा.

"लिहा," मी म्हटलं. "एक. भाऊंना दोन तासांसाठी कुठेतरी बाहेर पाठवा."